४जी६३ इंजिनाचे बॅलन्स शाफ्टचे बुश कसे बदलावेत

मित्सुबिशीचं ४जी६३ हे दोन लिटरचं पेट्रोल इंजिन. गॅलंट व्हीआर-४, एक्लिप्स, लान्सर इव्होल्यूशनच्या पहिल्या पिढीपासून नवव्या पिढीपर्यंत हेच घराणं चाललं. चार सिलिंडर असूनही ते सहा सिलिंडरच्या थाटात स्मूथ चालतं, कारण ब्लॉकच्या पोटात दोन बॅलन्स शाफ्ट, म्हणजे कंप मारणारे दांडे, फिरत असतात. त्या शाफ्टचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळीसारखी बेअरिंगं, झिजले की आधी केबिनमध्ये झिणझिण येते, मग ऑइल प्रेशर उतरतं आणि शेवटी पिस्टन-व्हॉल्व्हचा ताल जुळवणारा टायमिंग बेल्ट जातो. बेल्ट गेला की व्हॉल्व्ह वाकलेच म्हणून समजा, कारण या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतात.

आखातात एल२०० पिकअपमध्ये याच घराण्यातलं २.४ लिटरचं ४जी६४ भरपूर चालतं. तिकडे गॅरेजात काम करणाऱ्यांना, गाडीतल्या ४जी६४ला बॅलन्स शाफ्ट असतील तर, पुढची पद्धत जवळपास जशीच्या तशी लागू पडेल. टॉर्कचे आकडे मात्र त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यावेत.

हे शाफ्ट नेमकं काय करतात

४जी६३चा स्ट्रोक ८८ मिमी आणि कनेक्टिंग रॉड १५० मिमी. क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) वरच्या टोकापासून पाव फेरी फिरला की पिस्टन निम्मा, म्हणजे ४४ मिमी खाली आला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो ५०.६ मिमी आलेला असतो, कारण रॉड तिरपा होतो. उरलेले ३७.४ मिमी तो पुढच्या पाव फेरीत उतरतो. म्हणजे वरच्या अर्ध्यात पिस्टन जोरात पळतो, खालच्या अर्ध्यात सावकाश. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर आणि दोन खाली असले तरी हा फरक एकमेकांत मिटत नाही. तो चारही पिस्टनचा बेरीज होऊन ब्लॉकला वर-खाली हलवतो, तेही क्रँकच्या एका फेरीत दोनदा.

हा जोर केवढा? एका पिस्टनसोबत वर-खाली होणारं वजन ०.६ किलो धरून हिशेब केला तर ३००० आरपीएमला सुमारे ३१० किलोचा धक्का येतो, सेकंदाला १०० वेळा. ६००० आरपीएमला तो चौपट, म्हणजे १२४० किलोच्या आसपास. फाउंडेशन रबर, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर, कितीही चांगले असले तरी एवढं सगळं ते गिळू शकत नाहीत.

म्हणून एका बाजूला वजन असलेले दोन शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरवतात. दोघांची वजनं एकाच वेळी खाली आली की त्यांचा जोर खाली जोडला जातो आणि पिस्टनच्या धक्क्याला उतारा मिळतो. वजनं आडवी आली की एक डावीकडे ओढतो, दुसरा उजवीकडे, आणि ती ओढ आपसांत संपते. कल्पना इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरची, १९०४ची. मित्सुबिशीने १९७०च्या दशकात दोन्ही शाफ्ट वेगवेगळ्या उंचीवर बसवून ती सुधारली आणि पोर्शेने ९४४साठी तीच रचना परवाना घेऊन वापरली.

४जी६३मध्ये एक शाफ्ट ऑइल पंपाच्या गिअरला बोल्टने जोडलेला असतो. पंप मुख्य टायमिंग बेल्टवर फिरतो आणि पंपाच्या दोन गिअरमुळे या शाफ्टची दिशा उलटते. दुसरा शाफ्ट क्रँकवरच्या आतल्या दातेरी चाकावरून एका छोट्या बेल्टने फिरतो. मॅन्युअलमध्ये पहिल्याला डावा आणि दुसऱ्याला उजवा म्हणतात, छोट्या बेल्टला 'टायमिंग बेल्ट बी'. डावं-उजवं करताना हमखास गोंधळ होतो, म्हणून इथे त्यांना पंपाचा शाफ्ट आणि बेल्टचा शाफ्ट म्हणू.

ब्लॉकमध्ये दाबून बसवलेले बुश तीन: बेल्टच्या शाफ्टला पुढे एक आणि मागे एक, पंपाच्या शाफ्टला फक्त मागे. पंपाच्या शाफ्टचं पुढचं टोक फ्रंट केसमध्ये (ब्लॉकच्या तोंडावरच्या झाकणात), पंपाच्या गिअरसोबत सांभाळलं जातं.

इंजिन उघडण्याआधी स्क्रू ड्रायव्हर घाला

कंप आला म्हणून बुश बदलायला निघालेल्या बऱ्याच गाड्यांना बुशांची गरजच नसते. आधीच्या टायमिंग बेल्टच्या कामात पंपाचा शाफ्ट अर्धी फेरी उलटा बसलेला असतो, एवढंच. पंपाच्या चाकावरची खूण केसवरच्या खुणेशी तंतोतंत जुळलेली असली तरी हे होऊ शकतं. चाक आणि शाफ्ट यांच्यामध्ये गिअर आहेत, त्यामुळे चाकाची खूण वर येते तेव्हा शाफ्टचं वजन खाली असेल किंवा वरही असेल. वर असेल तर शाफ्ट पिस्टनच्या धक्क्याला विरोध करायचा सोडून त्यात भरच घालतो.

पडताळणी सोपी आहे. एक नंबरचा सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन अगदी वरच्या टोकाला), सगळ्या खुणा जुळलेल्या. ब्लॉकच्या बाजूला, पंपाच्या शाफ्टच्या वजनासमोर, एक प्लग असतो तो काढा. त्या भोकात ८ मिमी जाडीचा स्क्रू ड्रायव्हर घाला. तो ६० मिमी किंवा जास्त आत गेला तर शाफ्ट बरोबर आहे. २० ते २५ मिमीवर ठक्क करून अडला तर शाफ्ट उलटा आहे. मुख्य बेल्ट काढून पंपाचं चाक एक पूर्ण फेरी फिरवा, खूण परत जुळवा आणि पुन्हा घालून बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीवर ६० मिमीला टेप गुंडाळून ठेवली की अंदाजावर काम राहत नाही.

इथे सगळं ठीक निघालं तर कंप कुठून येतो ते वेगळं काढा. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, इंजिन सावकाश ३००० पर्यंत चढवा. न्यूट्रलमध्येही तीच बारीक झिणझिण आली आणि आरपीएमसोबत वाढत गेली तर बोट बॅलन्स शाफ्टकडे जातं. फक्त लोडवर येत असेल तर फाउंडेशन आणि ड्राइव्ह शाफ्ट बघा. आयडलिंगला हिसके देत असेल तर ते मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही: स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघा. मिसिंगचा झटका मोठा आणि सुटासुटा येतो. बॅलन्सचा कंप बोटांच्या टोकांना शिवणयंत्राच्या पायथ्याला हात लावल्यासारखा जाणवतो.

बुशांवर थेट बोट ठेवणाऱ्या खुणा या:

बेल्ट बी काढून बेल्टच्या शाफ्टचं चाक दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. तेलाच्या पातळ थरामुळे नसल्यासारखी हालचाल चालेल. स्पष्ट 'टक' लागली तर पुढचा बुश गेला. याच चाकामागचं ऑइल सील नवं टाकूनही पुन्हापुन्हा गळत असेल तर दोष सीलचा नाही. शाफ्ट डुगडुगतोय आणि सीलची ओठाकडची बाजू खातोय.

ऑइल प्रेशर मेकॅनिकल गेजने, इंजिन पूर्ण गरम असताना मोजा. आयडलिंगला ८० केपीए, म्हणजे ०.८ बारच्या खाली असेल तर कुठेतरी बेअरिंगमधून तेल निसटतंय. मेन आणि बिग एन्ड (क्रँकची आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं) ही तितकीच संशयित, म्हणून चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, उतरवल्यावर तीही बघायचीच.

जुना फिल्टर फेकू नका. हॅकसॉने न कापता पाइप कटरने किंवा फिल्टर कटरने कापा, नाहीतर करवतीचा भुगा मिसळून निदानच फसतं. कागदाच्या घड्या उलगडून पांढऱ्या कपड्यावर पिळा. चुंबकाला न चिकटणाऱ्या, नखावर घेतल्यावर पिठीसारख्या चमकणाऱ्या कपऱ्या म्हणजे बेअरिंगचा मऊ थर सुटतोय.

शाफ्ट काढून टाकण्याचा सल्ला

अनेक गॅरेजांत सांगतात, "कशाला बुश बदलता, शाफ्टच काढून टाका." रेसिंगच्या इंजिनात हे करतात आणि त्यामागे कारण आहे: बेल्ट बी तुटून मुख्य बेल्टमध्ये अडकण्याचा धोका जातो. पण त्यात पंपाच्या बाजूला छोटा स्टब शाफ्ट घालावा लागतो आणि बुशाची तेलाची भोकं नीट बंद करावी लागतात. आणि वर मांडलेला ३१० किलोचा धक्का सगळाच्या सगळा फाउंडेशनवर येतो. रोज चालवायच्या गाडीत हे करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याहून वाईट म्हणजे फक्त बेल्ट बी काढून टाकणं आणि पंपाचा शाफ्ट तसाच फिरू देणं. आडवी ओढ मिटवायला दुसरा शाफ्टच उरत नाही. वर-खालचा कंप जेमतेम अर्धा कमी होतो आणि डाव्या-उजव्या बाजूचा नवीनच कंप सुरू होतो. दोन्ही ठेवा किंवा दोन्ही काढा.

काय काय आणून ठेवायचं

बुश तीन, मूळ कंपनीचे किंवा नामांकित बेअरिंग उत्पादकाचे. बेल्ट बी आणि त्याचा टेन्शनर. मुख्य टायमिंग बेल्ट, त्याची टेन्शनर पुली, आयडलर पुली. फ्रंट केसची पॅकिंग, क्रँकचं पुढचं सील, पंपाचं सील, बेल्टच्या शाफ्टचं सील, फ्रंट केसच्या प्लग कॅपची ओ-रिंग. चेंबरसाठी सीलंट. वॉटर पंप जुना असेल तर तोही, कारण परत इथपर्यंत यायचं म्हणजे सगळं काम नव्याने करायचं. इंजिन ऑइलचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन आणि दोन फिल्टर. दोन का, ते शेवटी येईल.

हत्यारांत टॉर्क रेंच दोन लागतील, एक लहान आकड्यांचा आणि एक मोठ्या. डेप्थ मोजायची पट्टी असलेला व्हर्नियर, बाहेरचा मायक्रोमीटर, आतला व्यास घ्यायला टेलिस्कोपिक गेज. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुशाचा पुलर-इन्स्टॉलर. मित्सुबिशीची खास हत्यारं एमडी९९८३७१ पुढच्या बुशाला, एमडी९९८३७२ मागच्याला, एमडी९९८७०५ बसवायला. पंपाच्या शाफ्टच्या मागच्या बुशाला एमबी९९१६०३ हा गाइड लागतो, कारण त्या बाजूला पुढे बुशच नाही आणि पुलरच्या लांब दांडीला मध्यात धरणारं काही नसतं. ही हत्यारं मिळाली नाहीत तर खरादावर बनवून घेता येतात: लांब आटे पाडलेली दांडी, बुशाच्या आतल्या आणि बाहेरच्या व्यासाचे पायरीदार मॅन्ड्रेल, आणि दांडी मध्यात ठेवणारी चकती. छिन्नी-हातोड्याने मागचा बुश काढायचा विचार मनातही आणू नये. ब्लॉकच्या बोअरला ओरखडा पडला की नवा बुश तिथे कधीच नीट पकडत नाही.

उघडताना

मागचे बुश ब्लॉकच्या खोल आत आहेत आणि आडव्या बसलेल्या इंजिनात पुढचं तोंड बॉडीच्या भिंतीजवळ येतं. इंजिन खाली उतरवून स्टँडवर घ्या. गाडीतच करायचा अट्टहास केला तर पुलर सरळ रेषेत लागत नाही आणि भोक जुळलंय की नाही ते दिसत नाही.

क्रँक कायम घड्याळाच्या दिशेने फिरवा. एक नंबर टीडीसीवर आणा, सगळ्या खुणांचे फोटो काढा. पंपाच्या चाकाचा नट सोडताना शाफ्ट फिरू नये म्हणून तोच स्क्रू ड्रायव्हर प्लगच्या भोकात घालून ठेवा. क्रँकवरच्या दोन चाकांमध्ये एक चकती असते. तिची कोणती बाजू बाहेर आहे त्याचा फोटो अवश्य घ्या. उलटी बसली तर बेल्टची कड घासते.

फ्रंट केस निघण्याआधी एक गोष्ट राहते आणि तिथेच बरेच जण केस फोडतात. केसवरची प्लग कॅप काढल्यावर आत पंपाच्या गिअरचा बोल्ट दिसतो. तो सोडल्याशिवाय केस शाफ्टपासून सुटत नाही. कॅप घट्ट असते. तिच्यावर आधी हातोडीचे दोन-तीन हलके ठोके द्या, मग सोडा. केसचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे आहेत. पुठ्ठ्यावर केसचा आकार काढून त्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर तो तळाला टेकतो, टॉर्क पूर्ण झाल्यासारखा वाटतो आणि केस सैलच राहते.

शाफ्ट बाहेर ओढताना हाताने आधार द्या. वजनाचा भाग बुशाच्या कडेला आपटला तर ओरखडा पडतो. बाहेर आल्यावर जर्नलवर (शाफ्टचा बुशात फिरणारा भाग) नख फिरवा. नख अडलं तर शाफ्ट पॉलिश करून भागणार नाही, बदलावा लागेल.

बुश काढणं आणि बसवणं

काढण्याआधी व्हर्नियरने मोजा: ब्लॉकच्या तोंडापासून पुढच्या बुशाची कड किती आत आहे. मागच्यांचीही खोली मोजून लिहा. नवा बुश तितकाच आत गेला पाहिजे. मग तेलाचं भोक ब्लॉकमध्ये कुठल्या कोनात आहे ते बघून, त्याच्या रेषेत ब्लॉकच्या तोंडावर पक्क्या मार्करने रेघ ओढा.

काढताना आधी पुढचा, मग मागचा. बसवताना उलट, आधी मागचा, मग पुढचा. पुढचा बुश आधी बसवला तर मागच्याला जायला वाट राहत नाही. जुना बुश निघाला की बघा: आतला करडा थर एकाच बाजूला पुसला गेला असेल तर शाफ्टवर बेल्टची ओढ जास्त होती, म्हणजे बेल्ट बी कुणीतरी फार ताणला होता. चहूबाजूंनी जळका, निळसर दिसला तर तेलच पोचत नव्हतं. बुश बोअरमध्ये सैल होऊन फिरलेला निघाला तर थांबा. त्या बोअरमध्ये नवा बुश पकड घेणार नाही, ब्लॉक मशीन शॉपमध्ये न्यावाच लागेल.

आता तेलाच्या वाटा. ब्लॉकच्या भोकात पातळ तार घालून फिरवा, सॉल्व्हंट मारा, हवा मारा आणि ती दुसऱ्या टोकाने बाहेर येते का हाताने अनुभवा. जुन्या बुशाची कपरी या वाटेत अडकून राहिली तर ती पहिल्याच स्टार्टला नव्या बुशात येते.

नवे आणि जुने बुश एकाशेजारी एक मांडा. तिघेही सारखे नाहीत. पंपाच्या शाफ्टच्या मागच्या बुशाला तेलाचं भोक नसतं. बेल्टच्या शाफ्टच्या दोन्ही बुशांना असतं. इथे अदलाबदल झाली तर बेल्टचा शाफ्ट कोरडा पडतो.

बुशाच्या पाठीला इंजिन ऑइलचं बोट फिरवा. भोकाच्या रेषेत त्याच्या कडेवर मार्करची खूण करा, ती ब्लॉकवरच्या रेघेला लावा आणि मॅन्ड्रेलवर चढवा. दांडीचा नट सावकाश फिरवत राहा. हाताला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जड विरोध लागायला हवा. मध्येच एकदम घट्ट झालं तर बुश तिरपा शिरतोय. तिथेच थांबा, मागे घ्या, कड तपासा. जोर करून पुढे रेटला तर पाठीवर सोलटा निघतो आणि तो बुशामागे दबून आतला व्यास तिथेच आवळतो.

बसल्यावर टॉर्च ब्लॉकच्या तेलाच्या वाटेकडून दाखवा आणि बुशाच्या आतून बघा. पूर्ण गोल उजेड दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर भोक सरकलंय. थोडंसं सरकलं तर काय होतं, असं इथे चालत नाही. ६००० आरपीएमला हा शाफ्ट मिनिटाला १२,००० फेऱ्या मारतो आणि त्याला तेलाचा हा एकच घोट मिळतो. चंद्रकोर दिसली तर बुश काढा आणि नवाच घाला, कारण एकदा दाबून काढलेला बुश परत तितकी पकड घेत नाही.

मग आतला व्यास दोन दिशांनी, ९० अंशांत मोजा आणि जर्नलच्या व्यासाशी वजाबाकी करून मॅन्युअलमधल्या क्लिअरन्सशी (दोघांमधल्या फटीशी) ताडा. शाफ्टला तेल लावून आत सरकवा. बोटांनी ढकलल्यावर तो अडखळ न होता फिरला पाहिजे आणि सोडल्यावर वजनाची बाजू आपोआप खाली जाऊन थांबली पाहिजे. एखाद्या कोनात अडखळला तर बुशाला एमरी पेपर लावू नका. मऊ थरात एमरीचे कण रुततात आणि शाफ्ट कापत राहतात. बुश वाकडा बसलाय का बघा. सरळ असूनही आवळत असेल तर लाइन होनिंगला मशीन शॉपमध्ये द्या.

जोडताना

फ्रंट केसमध्ये पंपाचे दोन्ही गिअर बसवताना त्यांच्यावरच्या खुणा एकमेकींसमोर आणा. गिअरमध्ये तेल किंवा पेट्रोलियम जेली भरा, म्हणजे पंप पहिल्या फेरीपासून तेल ओढतो. पॅकिंगवर सिलिकॉनचा थर चोपडू नका. दाबून बाहेर आलेला सिलिकॉनचा दोरा तेलाच्या वाटेत तुटून पडतो आणि नेमका याच बुशांच्या भोकात जाऊन बसतो.

टॉर्क असे: फ्रंट केसचे बोल्ट २४ न्यूटन मीटर, पंपाच्या गिअरचा बोल्ट ३६, पंपाच्या चाकाचा नट ५४, बेल्टच्या शाफ्टच्या चाकाचा बोल्ट ४५, ऑइल स्क्रीन १९, चेंबर ७, क्रँकच्या दातेरी चाकाचा बोल्ट ११८. आपल्या गाडीच्या वर्षाच्या मॅन्युअलशी एकदा ताडून घ्या.

बेल्टच्या शाफ्टवर चाकामागे एक स्पेसर येतो. त्याची उतरती कड सीलच्या बाजूला हवी आणि बाहेरून तेलाचा हात फिरवलेला हवा. उलटा घातला तर त्याची धारदार कड सीलचा ओठ कापते. मग तेल बेल्ट बीवर उडतं आणि तेलात भिजलेला बेल्ट फार काळ टिकत नाही.

बेल्ट बीच्या दोन्ही चाकांच्या खुणा जुळवा. टेन्शनर बीच्या पुलीचा मध्य बोल्टच्या डावीकडे आणि पुलीची कड पुढच्या बाजूला. पुली बोटाने वर ढकलून ताणाची बाजू घट्ट करा आणि बोल्ट १९ न्यूटन मीटरला आवळा. आवळताना बोल्टसोबत पुली फिरू देऊ नका, तिला धरून ठेवा. ती फिरली तर बेल्ट नकळत जास्त ताणला जातो. मग ताणाच्या बाजूच्या मध्यावर तर्जनीने दाबा: ५ ते ७ मिमी दबायला हवं. कमी दबला तर पुढचा बुश एका बाजूला खाल्ला जाईल आणि बेल्ट कुईं-कुईं आवाज करेल. जास्त दबला तर दात उडी मारेल.

मुख्य बेल्ट चढवण्याआधी स्क्रू ड्रायव्हर पुन्हा ६० मिमी जातो का बघा आणि बेल्ट पूर्ण बसेपर्यंत तो तिथेच राहू द्या. तो काढला की शाफ्ट फिरू शकतो आणि खूण सरकते. मुख्य बेल्टचा ताण आपोआप धरणारा ऑटो टेन्शनर सावकाश व्हाइसमध्ये दाबून १.४ मिमीची तार भोकात अडकवा. मुख्य बेल्टचा ताण मॅन्युअलप्रमाणे लावून, स्क्रू ड्रायव्हर आणि तार काढून, क्रँक घड्याळाच्या दिशेने दोन फेऱ्या फिरवा. १५ मिनिटं तसाच राहू द्या. मग टेन्शनरची दांडी किती बाहेर आली ते मोजा: ३.८ ते ४.५ मिमी. नसेल तर ताण परत लावा. बाजूचा प्लग लावायला विसरू नका, तिथून तेलाची धार लागते.

पहिला स्टार्ट

स्पार्क प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, स्टार्टर १०-१० सेकंद मारा. मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या. गेजवर प्रेशर चढलेलं दिसल्याशिवाय प्लग लावू नका. सुरू केल्यावर लगेच रेस करू नका, आयडलिंगवर गरम होऊ द्या आणि बेल्टच्या शाफ्टच्या सीलखाली कोरड्या कापडाने पुसून थेंब येतो का बघा. गरम झाल्यावर आयडलिंगचं प्रेशर आधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडा.

न्यूट्रलमध्ये ३००० पर्यंत चढवा. झिणझिण तशीच असेल तर पुन्हा बुशांवर संशय नको. आधी ब्लॉकच्या बाजूच्या प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर, मग बेल्ट बीच्या खुणा, मग फाउंडेशन. बुशांचं काम नीट झालेलं असताना कंप राहिला तर बहुतेक वेळा शाफ्टच फेजमधून सुटलेला, म्हणजे चुकीच्या कोनात बसलेला असतो.

५०० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला. दुसरा कॅन आणि दुसरा फिल्टर त्यासाठीच. काढलेला फिल्टर परत कापून, पांढऱ्या कपड्यावर पिळून बघा. अगदी बारीक, राखेसारखा करडा डाग चालेल. पुन्हा चमकणाऱ्या कपऱ्या दिसल्या तर गाडी पुढे चालवू नका, चेंबर खाली घ्या.